जिवंत मंजन

"वास जाईल, हमखास जाईल. पण वास गेला म्हणून तोंड उघडून बघायचं सोडू नका," डॉ. शबाना मुलाणी म्हणाल्या होत्या. सांगलीतल्या त्यांच्या छोट्याशा प्राण्यांच्या दवाखान्यात अन्विता तेव्हा एका हाताने कडेवरच्या रेवाला सावरत होती आणि दुसऱ्या हाताने टोपलीचं झाकण दाबून धरत होती. टोपलीत खरवस होती, त्यांची पिवळट पांढरी मांजर, आणि झाकणाला डोकं लावून बाहेर निसटायची तिची खटपट चालली होती. बाईंचं वाक्य अन्विताच्या कानावर पडलं नाही असं नाही. पण त्यातला 'वास जाईल' एवढाच भाग तिला हवा होता, आणि तेवढाच घेऊन ती घरी आली.

उरलेल्या अर्ध्या वाक्यापायी माणूस गेलं. खरवसला काही झालं नाही. ती आजही गॅलरीच्या कठड्यावर ऊन खात पडलेली असते. गेल्या त्या अन्विताच्या सासूबाई, रत्नमाला.

अन्विताचा स्वभाव मुळातच धास्तीचा. रेवा झाल्यावर तो आणखी वाढला. सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली मुलगी, तिला हवेत, पाण्यात, उंबऱ्यावर, सगळीकडे जंतूच दिसायचे. पण त्या काळात धास्तीवरही यंत्रं निघाली होती. रेवाच्या गादीखाली तिचा श्वास मोजणारी पट्टी होती, नवऱ्याच्या, शार्दूलच्या, मनगटावर रक्तदाब सांगणारं कडं होतं, आणि मांजराच्या वाडग्यात तिची लाळ तपासणारी चकती होती. सगळ्यांचे निकाल फोनवर छोट्या गोलांच्या रूपाने यायचे. गोल हिरवा असला की अन्विताचा जीव भांड्यात पडायचा. रत्नमालाबाईंनाही कडं आणलं होतं. भाकरी थापताना ते पिठात लडबडतं म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी काढून फळीवर ठेवलं, आणि त्यांचा गोल राखाडीच राहिला. पुढे अन्विताला तो राखाडी रंग दिसेनासा झाला.

मांजराच्या दातांचं प्रकरण सुरू झालं ते रेवामुळे. रेवा रांगायला लागल्यावर थेट खरवसच्या तोंडाशी तोंड न्यायची. आणि खरवसच्या तोंडाला तर अशी घाण यायची, की शार्दूल तिला जवळ घेताना मान वळवायचा आणि म्हणायचा, "हिला कुणीतरी खरवस खाऊ घाला, मासे बंद करा."

घाणीचं कारण साधं होतं. खाल्ल्यानंतर दातांवर जंतूंचा चिकट थर बसतो. रोजच्या रोज पुसला नाही, तर लाळेतले क्षार त्यावर साचून त्याचं पिवळं किटण होतं. हिरडी लाल होते, दातापासून सुटते, आणि हवेशिवाय जगणारे जंतू त्या फटीत ठाण मांडतात. हे जंतू प्रथिनं खाऊन गंधकाचे वायू सोडतात, आणि त्या वायूंची ती घाण. यावर उपाय म्हणजे ब्रश. पण मांजराच्या तोंडात रोज ब्रश घालून बघावं ज्याने त्याने.

म्हणून हे नवं औषध निघालं होतं. शास्त्रज्ञांनी मांजराच्याच तोंडातला एक निरुपद्रवी जंतू घेतला आणि त्याच्या जनुकांत फेरफार केले. तो दातांवर आणि हिरड्यांवर आधीच जागा धरून बसायचा, त्यामुळे वाईट जंतूंना थारा मिळत नसे. गंधकाचे वायू तो खाऊन टाकायचा. हिरडी सुजवणारी, ठणका लावणारी रसायनंसुद्धा तो जागच्या जागी थंड करायचा. शिवाय ओळखीसाठी त्यात एक गुण घातला होता, तो म्हणजे निळ्या उजेडात हिरवं चमकण्याचा. लेप सगळीकडे नीट बसला की नाही ते कळावं म्हणून खोक्यात एक निळा दिवाही यायचा. आठवड्यातून एकदा बोटाने चोळायचा, की झालं. बाजारात त्याला काहीतरी लांबलचक नाव होतं, लोक 'जिवंत मंजन' म्हणायचे.

माणसाची टूथपेस्ट मांजराला कधीही लावू नका, ती त्यांना विषासारखी, हे मुलाणीबाईंनी बजावून सांगितलं होतं. मांजराचं मंजन माणसाने लावू नये, हे सांगायची गरज तेव्हा कुणालाच वाटली नव्हती.

रत्नमालाबाई तासगावजवळच्या खेड्यातून सांगलीला आल्या त्या सुनेच्या बाळंतपणाला, आणि मग राहूनच गेल्या. रेवाने त्यांना जाऊच दिलं नाही. आज्जीच्या मांडीवर पडल्याशिवाय पोरीच्या डोळ्याला डोळा लागायचा नाही. एकच गोष्ट अन्विताला खुपायची, ती म्हणजे मशेरी. लग्न होऊन आल्यापासून रत्नमालाबाईंना सकाळ-दुपार मशेरी लागायची. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुस्करून डबीत भरायची, आणि डाव्या तळहातावर चिमूट घेऊन उजव्या हाताच्या तर्जनीने दातांवर फिरवायची. त्याचा वास आला की अन्विता खिडक्या उघडायची. त्या वासाच्या तोंडाने सासूबाई रेवाचे मुके घ्यायच्या, तेव्हा तिच्या अंगावर काटा यायचा.

शेवटी तिने सांगून टाकलं. भांडली नाही, आवाजसुद्धा चढवला नाही. मशेरी लावायची असेल तर रेवाला जवळ घेऊ नका, एवढंच म्हणाली. रत्नमालाबाई उठल्या, आणि डबीतली मशेरी तिच्या डोळ्यांदेखत मोरीत ओतली. नातीपुढे मशेरीचं काय एवढं, म्हणाल्या. अन्विताला भरून आलं. पण धास्ती ती धास्तीच. सासूबाईंनी पोर उचलली, की ती काहीतरी निमित्त काढून जवळ जायची आणि हळूच श्वास घ्यायची. पहिल्या महिन्यात एक-दोनदा तिला संशय आला. पुढे वास यायचा पूर्णच थांबला.

तोवर जिवंत मंजन घरात आलं होतं. अन्विताने ते छोट्या ब्रशने लावायचा प्रयत्न केला तेव्हा खरवसने तिच्या मनगटावर लांबच लांब ओरखडा काढला. रत्नमालाबाई हसल्या. स्वतःच्या जुन्या, मऊ पडलेल्या सुती लुगड्यात त्यांनी मांजर बाळासारखी गुंडाळली, मांडीवर घेतली, अंगठ्याने ओठाची कड वर केली, आणि तर्जनी मागच्या दाढांवरून अशी अलगद फिरवली की खरवसने डोळे मिटले.

"ह्या बोटाला आयुष्यभराचं वळण हाय," त्या म्हणाल्या. "तुझ्या त्या बुरशाला काय येतंय."

तेव्हापासून दर रविवारी दुपारी हे काम त्यांचं. अन्विता निळा दिवा धरायची, रत्नमालाबाई चोळायच्या, रेवा टाळ्या वाजवायची. खरवसच्या तोंडाची घाण गेली, किटण सुटलं, हिरड्या गुलाबी झाल्या. अन्विताने फोटो काढून मांजरवाल्यांच्या गटावर टाकले. बायकांनी विचारलं, की एवढं कसं जमतं. आमच्या आईंच्या हाताला मांजर वश आहे, असं तिने मोठ्या कौतुकाने लिहिलं.

काही गोष्टी तिच्या नजरेला पडल्याही. रत्नमालाबाई आताशा सगळ्यांच्या मागून जेवायला बसायच्या. भाकरी दुधात कुस्करायच्या, कांदा तोंडाला लावायच्या नाहीत, ठेच्याची वाटी तशीच परत जायची. हसताना पदर तोंडाशी न्यायच्या. अन्विताने दोनदा विचारलं. दात म्हातारे झालेत, मऊच बरं वाटतं, असं उत्तर आलं. दुखतंय का, असंही तिने विचारलं. अजिबात नाही, त्या म्हणाल्या, आणि खरंच त्यांना दुखत नव्हतं. मग रेवाला ताप आला, पाठोपाठ शार्दूलचं काम वाढलं. द्राक्षबागांवर फवारणी करणारे ड्रोन तो सांभाळायचा, आणि छाटणीनंतरच्या दिवसांत त्याला घरी यायला उशीर व्हायचा. विषय मागे पडला.

तो रविवार बाकी रविवारांसारखाच होता. आतल्या खोलीचे पडदे ओढलेले, खरवस लुगड्यात, निळा दिवा अन्विताच्या हातात. लेप लावून झाला आणि खरवसला जोराची शिंक आली. सगळा लेप उडाला तो थेट अन्विताच्या चष्म्यावर. अंधारात तिच्या चष्म्याच्या काचांवर हिरवे ठिपके चमकायला लागले. ते बघून रत्नमालाबाई इतक्या खदखदून हसल्या, की पदर तोंडाशी न्यायचं राहून गेलं.

त्यांचे दात हिरवे चमकत होते.

वरचे, खालचे, हिरड्यांच्या कडेपर्यंत. अगदी खरवसचे चमकावेत तसे. फक्त डाव्या बाजूला, खालच्या दाढांपाशी, गालाच्या आतल्या अंगाला एक जागा काळीकुट्ट होती. तिथे काही चमकत नव्हतं.

अन्विताने दिवा जवळ नेला. तोंड उघडा, असं ती म्हणाली. रत्नमालाबाईंनी ओठ घट्ट मिटले आणि खरवसला कुरवाळत राहिल्या.

"आई, उघडा ना. मी काही बोलणार नाही."

त्यांनी उघडलं. इतके रविवार अन्विताने मांजराच्या दाढा निरखल्या होत्या, या तोंडात आज पहिल्यांदा डोकावत होती. गालाला आतून अंगठ्याएवढी जखम होती, कडा उलटलेल्या, पांढरट, आणि खाली हाडापर्यंत गेल्यासारखी.

"हे मंजन तुम्ही कधीपासून लावताय?"

"लावतीय म्हंजे काय," रत्नमालाबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "मांजराला लावून झाल्यावर बोटाला ऱ्हातंय की. पुसून टाकायचं व्हय? म्हागाचं औषध ते. पयल्यांदा तसंच दातावर फिरवलं. तर तोंडाचा वासच गेला समदा." त्यांनी बोट पदराला पुसलं. "मशेरी मला सुटली न्हाई गं पोरी. लई केलं. गच्चीवर जाऊन चिमूटभर लावायची, वर हे लावायचं. तू जवळ येऊन वास घेत हुतीस, मला कळत हुतं. रेवाला हातात देणार न्हाईस, म्हनून."

मिरजेच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि शार्दूल-अन्विताला समोर बसवलं. कर्करोग गालातून जबड्याच्या हाडात, जिभेत आणि गळ्यातल्या गाठींत उतरला होता. रोग मशेरीचाच. मंजनाने तो केलेला नव्हता. पण एरवी अशी जखम आधी झोंबते, सुजते, तिला घाण वास सुटतो, आणि माणूस कंटाळून का होईना, डॉक्टरकडे येतो. इथे जखमेभोवती बसलेल्या मंजनाच्या जंतूंमुळे झोंबणं थंड झालं, वास खाल्ला गेला, आणि जखम आपली मुकाट्याने वाढत राहिली.

डॉक्टरांनाही एक गोष्ट समजत नव्हती. हा जंतू माणसाच्या तोंडात तग धरत नाही, हे कंपनीने तपासूनच औषध बाजारात आणलं होतं. मांजराची लाळ अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची असते, माणसाची त्या मानाने साधी, त्यामुळे एका दिवसात तो धुतला जायला हवा होता. उत्तर अन्विताला बसल्या जागी सुचलं. भाजलेल्या तंबाखूची राखही अल्कधर्मी असते. आयुष्यभर सकाळ-दुपार ती चोळून रत्नमालाबाईंनी आपलं तोंड मांजराच्या तोंडासारखं करून ठेवलं होतं. ज्यांच्यावर औषध तपासलं, त्यांच्यात मशेरी लावणारं कुणीच नव्हतं. असणार कुठून? तपासायला निवडताना तंबाखूवाले आधीच वगळले होते.

परतीच्या वाटेवर गाडी घरापाशी आल्यावर शार्दूल म्हणाला, "दिवसातून दहा वेळा सगळ्यांचे गोल बघतेस तू. आई तर समोर बसायची गं, अन्विता."

ती म्हणू शकली असती, की तुझीच तर आई ती, तूही त्याच घरात जेवायला बसत होतास. त्याचं त्यालाच कळलं असावं, कारण गाडी लावून झाल्यावरही तो स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसून राहिला.

मुलाणीबाई भेटायला आल्या. रत्नमालाबाईंशी गप्पा मारल्या, खरवसचे दात बघितले, चहा घेतला. मी सांगितलं होतं, असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर अन्विताला थोडं बरं वाटलं असतं.

शस्त्रक्रिया करायची तर अर्धा जबडा आणि जिभेचा मोठा भाग जाणार होता. जगण्याची शाश्वती तरीही नव्हती, पण काही महिने वाढण्याची आशा होती. शार्दूलला ती हवी होती. एक टक्का असला तरी सोडायचा नाही, असा त्याचा हेका. रत्नमालाबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"जीभ कापल्यावर रेवाला हाक कशानं मारू?" त्यांनी विचारलं. "आत्ताशी आज्जी म्हनायला लागलीय. तिला उलटी हाक नको का कुणाची?"

शार्दूल उठून बाहेर गेला. मग त्या अन्विताकडे वळल्या. तो माझं ऐकणार नाही, पोटचा आहे, तू सांग त्याला, असं त्यांनी तिला विनवलं. अन्विताला नाही म्हणायचं होतं. तिचा सगळा स्वभाव नाही म्हणत होता. यंत्र असेल, औषध असेल, चाकू असेल, काहीतरी करत राहायचं, हेच तिला आयुष्यभर माहीत होतं. काही न करता कुणाजवळ नुसतं बसणं तिला कधी जमलं नव्हतं. त्या संध्याकाळी ती आणि शार्दूल गच्चीवर कितीतरी वेळ भांडत होते. मायेच्या माणसांनी भांडावं तसे, एकमेकांकडे न बघता. शेवटी शार्दूलने विचारलं, की तुला तिला मरू द्यायचंय का? आणि अन्विता म्हणाली, की मला त्यांना बोलू द्यायचंय.

शस्त्रक्रिया झाली नाही. मंजनाचा जंतू औषधांनी काढून टाकला, आणि मग झाकून राहिलेलं सगळं एकदम अंगावर आलं. ठणका आला, सूज आली, वास आला. रेवाला आता आज्जीपाशी न्यावं की नाही, यावर अन्विताने कुणाचाच सल्ला घेतला नाही. ती रोज स्वतः पोरीला त्यांच्या कुशीत नेऊन ठेवायची. रत्नमालाबाई तोंड बाजूला वळवायच्या, अन्विता त्यांची हनुवटी धरून हलकेच परत फिरवायची.

एका सकाळी त्यांनी खुणेने तिला बोलावलं आणि जरा ओशाळून मशेरी मागितली. अन्विता खाली दुकानात जाऊन तंबाखू घेऊन आली. शार्दूलला म्हणाली, रेवाला बागेत घेऊन जा. खिडक्या उघडल्या, जुना तवा शेगडीवर ठेवला. किती भाजायची ते तिला ठाऊक नव्हतं. आतून रत्नमालाबाई जड जिभेने सांगत होत्या, अजून, अजून जरा, हं, आता उतर, न्हाईतर कडू हुईल. घरभर धूर झाला. भिंतीतलं यंत्र कोकलायला लागलं, आग लागल्याची सूचना देऊ लागलं, आणि अन्विताने खुर्चीवर चढून त्याची वायरच ओढून काढली. आतून हसण्याचा आवाज आला. खोकल्यात मिसळलेला, पण हसण्याचाच.

तिने मशेरी कुस्करून त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवली. रत्नमालाबाईंनी तळहात नाकाशी नेला. डोळे मिटून बराच वेळ नुसता वास घेत राहिल्या. कोण जाणे, त्यात काय काय होतं. माहेरची चूल असेल, बरोबरीच्या बायका असतील, कामावरून आल्यावरची घटकाभर बसकण असेल. मग त्यांनी मूठ अन्विताच्या हातात रिकामी केली.

"लावा ना आई. आता कशाला मन मारताय?"

"नगं," त्या म्हणाल्या. "पोरगी येईल आत्ता बागेतनं. मुका घ्यायचा ऱ्हायलाय."

थंडी संपता संपता त्या गेल्या. रेवाला त्यांच्या हाका आठवतील की नाही, कुणास ठाऊक. तेवढी ती मोठी नव्हती.

नंतर मुलाणीबाईंनी दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला विचारायला सुरुवात केली, की घरात मंजन कोणाच्या बोटाने लागतं. विचारत गेल्या तशी आणखी माणसं सापडली. कुणाची आजी, कुणाचे सासरे, एकीची स्वयंपाकाची बाई. कुणी बोटाला उरलेलं वाया जाऊ नये म्हणून, कुणी तंबाखूचा वास सुनेला, नातवाला येऊ नये म्हणून. दोघांचं वेळेत कळलं. औषधाच्या खोक्यावर आता ठळक अक्षरांत सूचना छापून येते.

मांजरवाल्यांच्या गटावर अजूनही कुणीकुणी अन्विताला दातांबद्दल विचारतं. ती सगळं मनापासून सांगते. लुगड्यात गुंडाळा, ओठ बाजूने उचला, मागच्या दाढा आधी, जबरदस्ती करू नका, हिरडीची कड लाल दिसली तर वाट बघू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि मग, हे कशाला, असं समोरच्याला वाटलं तरी, घरात आणखी कोण कोण असतं ते विचारते.

तुम्ही इथवर वाचत आलात, तर तुम्हालाही ती तेच विचारते आहे. तुमच्याकडे कुणी अलीकडे सगळ्यांच्या मागून जेवायला बसतंय का? 'मला मऊच आवडतं' म्हणून ताटातलं काही बाजूला सारतंय का? तुम्ही जवळ गेलात की तोंड फिरवतंय का? असेल, तर फोनवर विचारू नका. फोनवर ती माणसं 'मी बरी आहे' असंच म्हणतात. दुसऱ्या गावाला असतील तर गाडीत बसून जा. खिडकीपाशी, उजेडात त्यांना बसवा, रागावू नका, कशाबद्दलही काही बोलू नका. हात धरा, आणि तोंड उघडायला सांगा.